पातेऱ्याला काडी लावण्यापूर्वी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

शिगमा जवळ आला की आमच्या वाड्यावर सकाळी सातलाच धूर सुरू होतो. फणस, आंबा, काजू यांची पाने याच दिवसांत गळतात. जो तो परसातला पातेरा, म्हणजे वाळका पाचोळा, ओढून ढीग करतो आणि काडी लावतो. दुसऱ्याला बोलायला मी मोकळी नाही. शाळेत जाण्याआधी हिराची केरसुणी घेऊन तीस वर्षे मीही हेच केले.

तीन वर्षांपूर्वी गुडघे धरले आणि मागच्या फणसाखालचा पातेरा तसाच राहिला. माघातल्या एका सकाळी स्वयंपाकघरात खरखर ऐकू आली. मुंगूस असेल म्हणून खिडकीतून डोकावले, तर नवरंग पक्षी! हिरवी पाठ, शेपटीखाली कुंकवासारखा लाल. चोचीने एकेक पान उलटून किडे टिपत होता. त्याच वर्षी मेअखेरीस फणसाखाली काजवे चमकले. सासूबाई गेल्यापासून आमच्या परसात ते दिसलेच नव्हते. काजव्याची अळी ओलसर पाचोळ्यात राहते, गोगलगायी खाऊन वाढते, हे मला तेव्हा कळले. इतकी वर्षे मी काय काय पेटवत होते कोण जाणे!

सासूबाई कुळागरात, म्हणजे सुपारीच्या बागेत, पोफळीच्या आळ्यांत पातेरा पसरायच्या, उन्हाळ्यात मुळांशी ओल टिकावी म्हणून. आपण सातेरी देवीच्या रोयणीला, म्हणजे वारुळाला, हात जोडतो. ती रोयण उभी करणारी वाळवी पातेराच खाते, आणि पावसाळ्यात तिथे उगवणाऱ्या अळम्यांना (रानातल्या छत्र्यांना) आपण मागेल ती किंमत मोजतो.

शेजारीण म्हणते, "बाई, सर्प येतील." भीती खोटी नाही, पाचोळ्यात घोणस दिसतही नाही. म्हणून घराभोवतीची चार-पाच हात जागा मी आजही झाडून घेते, पन्हळीतली नि गटारातली पाने काढते आणि सगळे लांबच्या झाडांखाली पसरते. रास मात्र घालू नये. कुजत्या राशीत गेंड्या भुंगा अंडी घालतो आणि पुढे माडाचे कोंब पोखरतो. घर काजूच्या डोंगराला लागून असेल तर मध्ये मोकळा पट्टा हवाच. मार्च २०२३मध्ये म्हादई अभयारण्यातले वणवे विझवायला हेलिकॉप्टरने पाणी ओतावे लागले होते.

उघड्यावर कचरा जाळण्यास राष्ट्रीय हरित लवादाने डिसेंबर २०१६मध्येच बंदी घातली आहे, दंड ५,००० रुपये. आमच्या वाड्यावर तो कुणी भरल्याचे ऐकिवात नाही. मला कुणाला दंड व्हायलाही नको आहे. शिगम्याआधीच्या ग्रामसभेत पंचायतींनी हा विषय एकदा घ्यावा, एवढेच मागणे.

यंदाही नवरंग आला आहे. परवा शेजारणीला बोलावून खिडकीतून दाखवला. तिच्या आंब्याखालचा ढीग अजून पेटलेला नाही.

— एक निवृत्त शिक्षिका, सावईवेरे, फोंडा