धोट्यातली कांडी आणि देवीची तलवार

सोलापूर,
कोजागरीच्या आदल्या दिवशी

प्रिय पैलवान,

"तलवारीचा फोटो पाठव बे" म्हणालास. नाही पाठवत. फोटोत दिसणार पातं, आणि पात्यात माझं कर्तृत्व काहीच नाही. पॉलिकार्बोनेटची नळी, आत गुंडाळलेला बटर पेपर, टोकाला बूच, संपलं. खरं काम मुठीच्या आत आहे आणि ते कुणाला दिसत नाही. म्हणून पत्र.

यंदा मंडळाने नवरात्रात जिवंत देखावा ठरवला. महिषासुरमर्दिनी. देवी कोण, तर आमची पुतणी, आठवीतली. महिषासुर कोण ते विचारू नकोस, उधारी मागायला आल्यासारखा दिसत होता. देवीने तलवार उचलली की पातं लाल पेटायचं, वार झाला की ढोल. जबाबदारी माझ्यावर, कारण गणपतीत आपण दोघांनी अख्ख्या मंडपाचा फ्यूज उडवला होता, त्याला गल्लीत अजून अनुभव म्हणतात.

पहिली तलवार मी एका रात्रीत केली आणि तशीच दिसली. पीव्हीसी पाइप. आत 18650 सेल, टॉर्चमध्ये असतो तो, वर्तमानपत्रात गुंडाळून कोंबलेला. एलईडी ग्लू गनने चिकटवलेला. वायरी जागा मिळेल तिथे. टेबलावर झकास पेटली. तालमीत पोरीने पहिला वार केला आणि विझली. हलवली, पेटली. दुसरा वार, विझली. दहा मिनिटं चालू ठेवल्यावर मुठीतून खडखड येऊ लागली, कारण एलईडीच्या उष्णतेने ग्लू मऊ पडला होता. महिषासुर म्हणाला, "मी असाच मरतो, राहू द्या."

घरी येऊन सगळं खाटेवर ओतलं. अण्णा बघत होते. यंत्रमागावर तीस वर्षं काढलेला माणूस, एलईडीतलं त्यांना काही कळत नाही. उठले, माळ्यावरून जुना धोटा, मागावर आडवा धागा नेतो तो, काढला आणि माझ्या हातात दिला. "ह्यात सुताची कांडी कशी बसलीय बघ. हलली की धागा तुटतो."

पैलवान, मी जन्मभर धोटे बघितले, पण त्या नजरेने कधी नाही. लाकडाचं होडकं, दोन्ही टोकांना पोलादी टोपण. मिनिटाला शंभराहून जास्त वेळा या टोकाकडून त्या टोकाकडे आपटतं आणि आतली कांडी तसूभर हलत नाही. तरीही सूत संपलं की कामगार दोन बोटांनी कांडी काढतो, दुसरी बसवतो, माग परत सुरू. आपटताना घट्ट आणि हवी तेव्हा सुटी. मला मुठीत नेमकं हेच हवं होतं.

मग सांगाडाच वेगळा केला. हौशी लोक त्याला चॅसिस म्हणतात. मुठीसाठी अ‍ॅल्युमिनियमचा पाइप घेतला, आतून 32 मिलिमीटर. पाट्या करणाऱ्याकडून 5 मिलिमीटर अ‍ॅक्रिलिकचे तुकडे आणले, तीन चकत्या कापल्या आणि कानशीने 31.5 वर आणल्या. तिन्ही एकत्र आवळून एकदमच भोकं पाडली. वेगवेगळी पाडलीस तर सळया तिरक्या जातात आणि सांगाडा पाइपात अडकतो. हे मी एक सेट वाया घालवून शिकलो. दोन बाजूंना दोन आट्यांच्या सळया, प्रत्येक चकतीच्या पुढे-मागे नट. सळयांवर श्रिंक स्लीव्ह, म्हणजे तापवली की आवळून बसणारी प्लॅस्टिकची नळी, आणि पाइपाच्या आतून जाड प्लॅस्टिकचा कागद. धातूच्या नळीत लिथियमचा सेल म्हणजे चेष्टा नाही. एक उघडी वायर नळीला टेकली की देवीच्या हातात खरीच आग.

सेल चकतीच्या मधोमध ठेवायचा मोह होतो. नको. मी तो 5 मिलिमीटर खाली सरकवला, तर त्याच्या डोक्यावर 11 मिलिमीटर जागा मोकळी झाली. वायरी तिथून निवांत जातात.

आता विझायचं कारण. माझी स्प्रिंग पात्याच्या बाजूला होती. वार करताना हात फिरतो आणि आतला सेल पात्याकडे फेकला जातो. स्प्रिंग दबते, मागचा संपर्क सुटतो, दिवा गेला. स्प्रिंग मागे, बुडाकडे नेली आणि पुढे पितळेची कडक पट्टी दिली. आता सेल जितका फेकला जातो तितका पट्टीवर घट्ट बसतो आणि मागून स्प्रिंग त्याला सोडत नाही. एवढ्या एका उलटापालटीने निम्मं दुखणं गेलं. मला आधी सुचलं नाही याचा अजून राग आहे.

एलईडी 3 वॅटचा, लाल. त्याला साधारण 2.2 व्होल्ट लागतात, भरलेला सेल 4.2 देतो. मधले 2 व्होल्ट खायला 3 ओहमचा रेझिस्टर, म्हणजे करंट 700 मिलिअँपिअरच्या आत. रेझिस्टर दीड वॅटपर्यंत तापतो, म्हणून 3 वॅटचा घेतला आणि सेलपासून लांब, पहिल्या चकतीच्या पुढे टांगला. लाल एलईडी तापला की मंदावतो, म्हणून अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या लेथवाल्याकडून अ‍ॅल्युमिनियमचं बूच करून घेतलं. एलईडी त्यावर, बूच पाइपात घट्ट, उष्णता पाइपभर पसरते. मूठ कोमट लागते, पुतणीला तोच देवीचा प्रसाद वाटला.

बटणाने मात्र दोन रात्री खाल्ल्या. बटण पाइपवर बसवलं तर सांगाडा बाहेर निघत नाही. सांगाड्यावर बसवलं तर आत जाताना पाइपला अडतं. शेवटी दाबून अडकणारं बटण सापडलं, त्याची टोपी ओढली की निघते. टोपी काढायची, सांगाडा सरकवायचा, भोकातून टोपी परत बसवायची. सांगाडा फिरू नये म्हणून बाहेरून एकच स्क्रू. एलईडीकडे जाणाऱ्या वायरीला छोटा कनेक्टर आणि पाच सेंटिमीटर ढील. जिथे सोल्डरचा डाग दिला तिथे वायर ओढली जाऊ देऊ नकोस, आधी गाठ मार. सेलच्या बुडाखालून एक फीत घेतली, ती ओढली की सेल बाहेर. चार्जिंग बाहेरच, चार्जरवर.

नऊ रात्री, रोज तीन खेळ. 2600 मिलिअँपिअर तासांचा सेल एका रात्रीला पुरून उरला. सहाव्या रात्री महिषासुराने उत्साहात ढाल मध्ये घातली आणि पातं बुचापाशी तडकलं. खेळ संपल्यावर पाच मिनिटांत नळी बदलली. सांगाड्याला हातही लावावा लागला नाही. अण्णा समोरच्या खुर्चीत होते. काही बोलले नाहीत, नुसता धोटा फेकल्यासारखा हात केला.

उद्या रात्री आम्ही चालत तुळजापूरला निघतोय. तुझे गुडघे तुला माहीत, पण रूपाभवानी मंदिरापासून पुढे पहिला चहा माझ्याकडून. नाहीच जमलं तर तुझ्या पोराला हवी असलेली निळी तलवार दिवाळीत करू. निळ्या एलईडीला 3 व्होल्टच्या वर लागतात, म्हणजे रेझिस्टर वेगळा. तू फक्त पाइपाचा आतला व्यास व्हर्निअरने मोजून आण. पट्टीने मोजू नकोस बे, तुझी मापं मला माहीत आहेत.

तुझा,
मास्तर