रात्रीचा डबा आणि परीक्षेचा फॉर्म

केज,
१२ ऑक्टोबर

चि. ताईस,
अनेक आशीर्वाद.

रविवारी फोनवर मी फार बोललो. तू मधेच फोन ठेवलास, त्यात तुझी चूक नाही. शेजारच्या खोलीतल्या मुलीच्या आईनं सांगितलं म्हणून त्या मुलीवर रागावू नकोस. तू जुलैपासून एकच वेळ जेवायलीस, हे आम्हाला कोणाकडून तरी कळायलाच हवं होतं. असो, जेवणाचं आज लिहिणार नाही. पत्र फॉर्मसाठी आहे.

दुसऱ्या सेमिस्टरचा केमिस्ट्रीचा पेपर राहिला, याचं मला काही वाटत नाही. पण त्यापायी पैसे कुठं गेले ते बघ. उत्तरपत्रिकेच्या छायाप्रतीची फी, पुनर्मूल्यांकनाची फी आणि आता राहिलेल्या विषयाच्या, म्हणजे बॅकलॉगच्या फॉर्मवर विलंब शुल्क. पहिल्या दोन्हींचं समजू शकतो. तिसरा पैसा नुसत्या तारखेपायी गेला. पुनर्मूल्यांकनाचा निकाल आला की मग भरू, म्हणून तू थांबलीस. इथंच पोरं चुकतात. फॉर्मची तारीख पुनर्मूल्यांकनासाठी थांबत नसते. निकाल लटकलेला असला तरी बॅकलॉगचा फॉर्म पहिल्या मुदतीतच भरायचा. पुढं पास झालीस तर भरलेली फी वाया जाईल, बस. नाही झालीस आणि फॉर्मही नसला, तर अख्खं सेमिस्टर थांबावं लागतं.

आणि छायाप्रत हातात आली की आधी गुणांची बेरीज करायची. आतल्या पानांवरचे गुण आणि पहिल्या पानावरचा तक्ता जुळतो का, पुरवणी धरली का, एखादं उत्तर तपासायचं राहिलं का, एवढंच बघायचं. दोन-चार गुणांसाठी पुनर्मूल्यांकन लावावं. पंधरा गुणांनी राहिलेल्या पेपरला लावू नये, हे माझं स्पष्ट मत आहे. अर्जाचे दिवस निकाल जाहीर झाल्यापासून मोजतात, गुणपत्रिका हातात आल्यापासून नाही. निकाल ३० दिवसांत, उशिरात उशिरा ४५ दिवसांत लावावा असं २०१६ च्या विद्यापीठ कायद्यात आहे. म्हणून शेवटच्या पेपरपासून ३० आणि ४५ असे दोन दिवस कॅलेंडरवर खूण करून ठेव, आणि त्या काळात गावाकडं आलीस तरी रोज साइट बघत जा.

आता तिसऱ्या सेमिस्टरचा नियमित फॉर्म. हा बॅकलॉगपेक्षा वेगळा असतो, एक भरला म्हणून दुसरा झाला असं समजू नकोस. परिपत्रकात तीन तारखा असतात: नियमित, विलंब शुल्कासह आणि अतिविलंब शुल्कासह. तू फक्त पहिली लिहून ठेव. बाकीच्या दोन आहेत हे डोक्यात राहिलं की माणूस ढिला पडतो. ऑनलाइन पैसे भरले म्हणजे फॉर्म झाला नाही. प्रिंट काढून, सही करून, पावती जोडून खिडकीवर द्यायची. ऑफिसनं तो पुढं मंजूर केला की मगच हॉल तिकीट निघतं. खिडकीच्या आत बसणाऱ्यालाच माहीत असतं, किती पोरं रात्री अकरा वाजता पैसे भरून निवांत झोपतात आणि प्रिंट आणतात चार दिवसांनी.

विषयांचे कोड अभ्यासक्रमाशी ताडून बघ. मेजर, मायनर, ओपन इलेक्टिव्ह यांत एक चुकीची खूण झाली की हॉल तिकिटावर न शिकलेला विषय येतो. खात्यातून पैसे कटले आणि पावती आली नाही, तर लगेच दुसऱ्यांदा भरू नकोस. यूपीआयचा बारा आकडी क्रमांक लिहून घे आणि एक-दोन दिवस वाट बघ. तोवर ऑफिसला लेखी अर्ज देऊन दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का घे. तोंडी सांगितलेलं नंतर कोणालाच आठवत नाही. म्हणूनच फॉर्म शेवटच्या तारखेच्या निदान पाच दिवस आधी भरायचा.

दहावीच्या फॉर्मवर आईच्या नावातली वेलांटी चुकली होती, ती तूच पकडलीस. मी दोनदा वाचून मला दिसली नव्हती. अशी पोरगी तारीख विसरते, हे मला खरं वाटंना. विसरली नसशील. त्या दिवशी फीचे पैसेच नसतील तुझ्याकडं. तसं असलं तर सांगायचं होतं ना गं.

पुन्हा तिकडंच वळलो. हजेरीचं लिहितो. थिअरीच्या एका क्रेडिटला पंधरा तास, म्हणजे दोन क्रेडिटच्या विषयाला तीस. हजेरी ७५ टक्के लागते, त्याचे साडेबावीस होतात, म्हणून २३ तास बसावंच लागतं आणि फार तर सात चुकवता येतात. चार क्रेडिटच्या विषयाला पंधरा चुकवता येतात. प्रॅक्टिकलचं जर्नल आठवड्याच्या आठवड्याला सही करून घे. शेवटी सगळ्यांची गर्दी होते, सर सापडत नाहीत, आणि प्रमाणित जर्नलशिवाय प्रॅक्टिकलला बसू देत नाहीत.

आजारी पडलीस, तर अंतर्गत चाचणीचं डॉक्टरच्या दाखल्यावर, वेळेत कळवलं तर, काही होऊ शकतं. विद्यापीठाच्या पेपरला तसं होत नाही. गैरहजर लागलं की विषय राहिला, आणि पुन्हा फॉर्म, पुन्हा फी. तू डब्याचे महिन्याला बाराशे वाचवायलीस आणि ऐन परीक्षेत चक्कर येऊन पडलीस, तर त्याच्या दुप्पट जातील. हा हिशोब तुला शिकवायची गरज नाही. माफ कर, भाषण झालं.

शिष्यवृत्तीचं नूतनीकरण महाडीबीटीच्या सरकारी साइटवर दरवर्षी करावं लागतं, मागच्या वर्षी मंजूर झालं म्हणून यंदा आपोआप होत नाही. उत्पन्नाचा दाखला मी सेतूतून काढलाय, सोबत पाठवतो. अर्ज भरल्यावर आठवड्यातून एकदा लॉगिन करून बघ. त्रुटी निघाली की अर्ज विद्यार्थ्याकडं परत येतो, आणि तो तसाच पडून राहिला तर तारीख निघून जाते. पैसे येतात ते आधारशी सीडिंग असलेल्या, म्हणजे सरकारी पैशांसाठी आधारला जोडलेल्या एकाच खात्यात. पासबुकाला आधार जोडलंय एवढ्यावर विसंबू नकोस, बँकेत जाऊन सीडिंग कोणत्या खात्याला आहे ते विचार. तुझं अजून त्या जुन्याच खात्याला असेल, आत्याच्या वेळच्या.

सोयाबीनची रास झाली. माईच्या औषधांचंही भागलंय. दादाच्या वेळेस जे झालं, ते तुझ्या बाबतीत होणार नाही. खात्यावर तीन हजार टाकलेत. त्यातले बाराशे फक्त रात्रीच्या डब्याचे, बाकीचे नियमित फॉर्मचे. त्यांची अदलाबदल करू नकोस. कमी पडले तर दोन्हींतलं काही थांबवायचं नाही, फोन करायचा. मी ओरडणार नाही. ओरडलो तर फोन आईकडं दे म्हण.

आईनं धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी केलीय, शनिवारच्या गाडीनं पाठवतो. पुढच्या महिन्यात दोन दिवस येऊन जा. एसटीत तुला अर्धंच तिकीट लागतं. फॉर्म खिडकीवर दिलास की आवक शिक्क्याच्या प्रतीचा फोटो पाठव. मेसच्या कार्डाचाही पाठव, दोन्ही वेळच्या खुणा असलेला.

तुझे
अण्णा