बाल्टिकचे पाणी एकच

उत्तर युरोपातल्या बाल्टिक समुद्राच्या तळाशी केबल तुटल्याच्या बातम्या वाचताना तो समुद्र फक्त संघर्षाची जागा म्हणून समोर येतो, याचे वाईट वाटते. मुलाकडे फिनलंडमध्ये हेलसिंकीला गेले असताना मी त्याचे पाणी ओंजळीत घेऊन चाखले होते. आपल्या रत्नागिरीच्या मानाने अगदीच अळणी! नद्यांचे गोडे पाणी सतत येते आणि बाहेरच्या समुद्राशी संबंध डेन्मार्कजवळच्या चिंचोळ्या सामुद्रधुन्यांपुरताच. सगळे पाणी बदलायला सुमारे ३० वर्षे लागतात. म्हणजे एका देशाच्या शेतातून वाहून आलेले खत शेजाऱ्यांनाही भोगावे लागते. म्हणूनच १९७४ मध्ये, ऐन शीतयुद्धात, सोव्हिएत संघ, पोलंड, दोन्ही जर्मनी, डेन्मार्क, स्वीडन आणि फिनलंड यांनी हा समुद्र वाचवण्यासाठी हेलसिंकी करारावर सह्या केल्या. लष्करी गट वेगळे, तरीही! २०२२ मध्ये रशिया बाल्टिक समुद्राकाठच्या देशांच्या सहकार्य परिषदेतून बाहेर पडला, तेव्हा फार हळहळ वाटली. आपल्या दैनिकाने केबलींइतकीच या कराराचीही माहिती वाचकांना द्यावी, ही विनंती.

– एक वाचक, रत्नागिरी