राखेच्या बुधवारच्या आधी

ती. आई-बाबांना सप्रेम नमस्कार,

१८ फेब्रुवारीला राखेचा बुधवार, म्हणजे ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांच्या उपासकाळाची सुरुवात. बाबा, तुम्ही यंदाही निव्वळ पाण्यावर राहायचं म्हणताय, म्हणून आधीच लिहिते. कॅथलिक चर्चचा उपासाचा नियम १८ ते ५९ वयाच्यांना आहे, तोही फक्त या बुधवारी आणि गुड फ्रायडेला: एक पोटभर जेवण, आणि दोन वेळा थोडंसं, दोन्ही मिळून एका जेवणाएवढं न होणारं. तुम्हाला तोही लागू नाही. मधुमेहाची गोळी घेऊन उपाशी राहिलात की साखर एकदम उतरू शकते, दरदरून घाम येतो, हात थरथरतात. असं करू नका. या काळात शुक्रवारचं मटण मात्र वर्ज्यच, त्याला म्हातारपणाची सूट नाही.

आई, मटण नाही म्हणून शेवभाजीवर तर्री आणि जोडीला भरीत-पुरी केलीस, तर जिभेचे चोचले आहेत तिथेच राहिले. कळण्याची भाकरी, वरण, ठेचा पुरे. मटणाचे वाचलेले पैसे त्याच दिवशी दानाच्या डब्यात टाक. घरखर्चात मिसळले की ती बचत होते, दान राहत नाही. कुणाला दिले हे बाबांनाही सांगू नकोस. बायबलातल्या मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायात दान, प्रार्थना, उपास या तिन्हींना प्रभूची एकच अट आहे, गुपचूप करा. उपास असला तर डोक्याला तेल लावा, तोंड धुवा. आणि कपाळावर राख लावतात त्याच दिवशी हे वचन वाचतात! गेल्या वर्षीच्या झावळ्यांच्या रविवारच्या झावळ्या जाळून केलेली ती राख, चिमूटभरच असते. ती लोकांना दाखवायला नसते.

खरी अडचण भुकेची नाही, रागाची आहे. पोट रिकामं झालं की जीभ तिखट होते आणि उपासाचा त्रास घरच्यांना होतो. बायबलातच यशया संदेष्ट्याच्या ५८व्या अध्यायात देव नेमका उपास करून भांडणाऱ्यांवर नाराज आहे. म्हणून बाबा, या चाळीस दिवसांत तुम्ही एकच करा: बांधावरून काकांशी धरलेला अबोला सोडा. बांध कुणाचा हे आत्ता ठरवायचं नाही, नुसती तब्येत विचारायची. पापनिवेदनाला त्यानंतरच जा.

रविवार या चाळीसात धरत नाहीत. ४६ दिवसांतून ते सहा वजा होतात. त्या दिवशी आनंदाने जेवा. एखादा दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी पुन्हा सुरू करा, सगळं सोडून देऊ नका.

काकांचा नंबर आईच्या वहीत आहे. केळीला पाणी देऊन ते नऊला घरी येतात, त्यानंतर फोन उचलतात.

तुमची,
ताई