ती धडधड मनाचे खेळ नव्हते

महोदय,

गेल्या वर्षी राजवाड्याच्या गर्दीत माझ्या धाकट्या जावेची छाती एकाएकी धडधडू लागली, हातपाय गार पडले. आता जीव जातो, असेच तिला वाटले. ईसीजी चांगला आला आणि घरचे म्हणाले, "काही नाही, मनाचे खेळ!" त्यात कित्येक महिने वाया गेले. तो पॅनिक अटॅक, म्हणजे एकाएकी येणारा तीव्र भीतीचा झटका होता. तो काही मिनिटांत टोकाला जाऊन ओसरतो, पण पुन्हा येईल या धास्तीने माणूस उंबरठा ओलांडत नाही. महिनोन् महिने कशाना कशाची काळजी लागून राहणे, हा आजार वेगळा. चारचौघांत बोलायची भीती आणखी वेगळी. अशा माणसाला आपण 'लाजाळू' म्हणून सोडून देतो, याचे मला फार वाईट वाटते.

यावर उपचार आहेत. समुपदेशक भीतीच्या जागी थोडे थोडे करून जायला शिकवतात. जाऊबाई आधी कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत, मग बाजारात जाऊ लागल्या. गोळ्यांचा गुण यायला काही आठवडे लागतात, मनानेच बंद करू नयेत. (थायरॉइडही तपासावे, त्याच्या विकारातही अशीच लक्षणे दिसतात.)

सरकारची 'टेली-मानस' ही मानसिक आरोग्यासाठीची फोनसेवा २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर मोफत आहे. इंदूरच्या मराठी मंडळांनी गणेशोत्सवात हा क्रमांक मंडपात लावावा, ही विनंती.

— एक गृहिणी, रामबाग, इंदूर