मामाला आधी विचारा ना

प्रिय आई-बाबा,

फोनवर सगळे एकदम बोलतात आणि कुणाचंच काही कळत नाही, म्हणून लिहूनच पाठवतेय.

मामाच्या डिप्रेशनसाठी शॉक ट्रीटमेंट (डोक्याला विजेचा झटका देतात ती) करायला माझा विरोध नाहीये. आई, तुझ्या डोळ्यासमोर पिक्चरमधला तो पलंगाला बांधलेला माणूस येतोय ना, पण 1938 ला रोममध्ये हे सुरू झालं तेव्हाची गोष्ट वेगळी, आता भूल देतात, स्नायू सैल पडायचं औषध देतात, झटक्याने येणारी आकडी जेमतेम मिनिटभर असते, आणि भूल न देता शॉक द्यायला 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याने सरळ बंदी आहे. जो माणूस दोन घास खाऊन ताट सरकवतोय, ज्याच्या गोळ्या बदलून बदलून झाल्या, त्याला याने फरक पडू शकतो.

माझं भांडण आहे ते "त्याला सांगू नका, चेकअपला नेतोय म्हणा" याच्याशी. बाबा, तुमची बायपास कुणी तुम्हाला न सांगता केली असती तर चाललं असतं का? त्याचं डोकं ठिकाणावर नाही म्हणता, पण परवा त्यानेच मला विचारलं, घरमालकाने भाडं वाढवलं का गं. निर्णय दुसऱ्यांना चुकीचा वाटतो म्हणून माणसाला समजतच नाही असं कायदाही मानत नाही. खरंच समजण्यापलीकडे गेला तर मामी ठरवेल, पण तसं आहे का ते डॉक्टरांनी तपासून सांगायचं, आपण सोफ्यावर बसून नाही.

आणि विसरण्याचं काय? ट्रीटमेंटच्या आसपासचे दिवस बऱ्याचदा पुसले जातात, काहींच्या तर जुन्या आठवणीही कायमच्या जातात. मामा पेटीवर बसला की अभंगांची वही लागत नाही त्याला. कदाचित म्हणेल, गेले चार अभंग तरी चालतील पण मला यातून बाहेर काढा. कदाचित म्हणेल आधी ते चुंबकवालं करून बघू (डोक्याजवळ चुंबक धरून मेंदूला चालना देतात ती ट्रीटमेंट; तिला भूल लागत नाही, पण इतक्या जास्त डिप्रेशनमध्ये ते शॉकइतकं चालत नाही). जाणार ते त्याचं जाणार, मग हिशोब आपण कसा करायचा?

शनिवारी येतेय. मामाला काय काय विचारायचंय ते त्याच्याकडूनच कागदावर लिहून घेऊ आणि त्याला घेऊनच डॉक्टरांकडे बसू. तोवर मामीला कुठे सही करू देऊ नका. आणि आई, प्लीज, खालच्या काकूंना यातलं काही सांगू नकोस.

तुमची,
मनू