सुभेदार काका, तुमच्या त्या कागदासाठी

प्रिय सुभेदार काका,
सप्रेम नमस्कार.

फोनवर आभार मानले की तुम्ही "हौ हौ, ठीक आहे" म्हणून फोन काकूंच्या हातात देता. घरी येऊन मानावे तर चहा ठेवायला उठता. म्हणून हे पत्र चारचौघांसमोर लिहिते आहे. आता वाचल्याशिवाय सुटका नाही.

जे तुम्हाला ओळखत नाहीत त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. नागपुरात आमच्या गल्लीच्या कोपऱ्यावर एक निवृत्त सुभेदार राहतात. आर्मी मेडिकल कोअरमध्ये नर्सिंग असिस्टंट होते, नोकरीचा बराच काळ लडाखकडच्या उंच चौक्यांवर गेला. आम्ही चौघी शाळेपासूनच्या मैत्रिणी, सगळ्या चाळिशीच्या पुढच्या. एक बँकेत, एकीचं औषधाचं दुकान, एक मुख्याध्यापिका आणि मी लोकांचे हिशेब लिहिणारी. दिवाळीच्या फराळाला बसलो असताना एव्हरेस्ट बेस कॅम्पला जायचं ठरलं. घरच्यांचं म्हणणं पडलं की एवढा पैसा घालवायचाच तर चारधाम करा, पुण्य तरी पदरात पडेल. खरं सांगायचं तर तुमच्याकडे आलो ते घरच्यांना सांगायला एक वजनदार नाव हवं होतं म्हणून.

तुम्ही बसायलाही सांगितलं नाही. आधी विचारलंत, "नागपूर किती उंचीवर आहे?" आम्ही एकमेकींची तोंडं पाहिली. साधारण ३१० मीटर, तुम्हीच सांगितलं. मग कळसूबाई १६४६, म्हणजे महाराष्ट्रात त्याच्यावर काही नाही. "आणि लुकला २८६०. विमानातून पाय खाली टाकला की तुम्ही कळसूबाईच्या हजार मीटर वर. चालायला सुरुवात तिथून. बेस कॅम्प ५३६४. आता सांगा, घाई काहून करून राहिल्या?"

घाई आमची नव्हती, ज्या कंपनीकडे पैसे भरायचे होते त्यांच्या वेळापत्रकाची होती. त्यात वाटेवरच्या नामचे बाजारला एक मुक्काम जास्तीचा आणि पुढे सरळ वर. तुम्ही चष्मा लावून तो कागद वाचलात आणि फौजेचा हिशेब मांडलात. २७०० ते ३६०० मीटरला सहा दिवस, ३६०० ते ४५०० ला चार, त्याच्या वर आणखी चार, तेव्हा कुठे जवान कामाला लावतात, आणि ते विशी-पंचविशीतले पोरं. आम्हाला तेवढी रजा मिळणार नव्हती हे तुम्हालाही कळत होतं. म्हणून तुम्ही निदान एवढं तरी करून घेतलं: त्याच्याही वरच्या दिंगबोचेला एक पूर्ण दिवस थांबायचं, ३००० च्या वर झोपायची उंची एका रात्रीत ५०० मीटरपेक्षा जास्त चढवायची नाही, आणि शेवटी हाताशी मोकळे दिवस ठेवायचे. कंपनीवाला म्हणाला, "मॅडम, सगळे असंच करतात." तुम्ही फोन माझ्या हातातून घेतलात आणि अगदी गोड आवाजात त्याला विचारलंत, त्या सगळ्यांपैकी किती जण वरून घोड्यावर किंवा हेलिकॉप्टरनं खाली येतात. दिवस वाढवून मिळाले. विम्याची पॉलिसी ६००० मीटरपर्यंत लागू आहे का, हेही तुम्हीच वाचायला लावलं. आम्ही तर पॉलिसीचं पहिलं पानसुद्धा उलटलं नव्हतं.

मग तो हिवाळा. पहाटे फुटाळ्यापासून सेमिनरी हिल्सचा चढ, पाठीवर तांदळाची पिशवी. नागपुरात डोंगर कुठून आणणार? रविवारी रामटेकच्या गडाच्या पायऱ्या, बाकी दिवस बँकवालीच्या इमारतीचा जिना. लिफ्टनं वर जायचं आणि जिन्यानं उतरायचं, हा तुमचा उलटा नियम ऐकून वॉचमनला आम्ही वेड्या वाटायचो. गुडघे चढताना जात नाहीत, उतरताना जातात, हे पुढे कळलंच. आणि चालता चालता पाढे! पूर्ण ओळ एका दमात म्हणता आली नाही तर वेग जास्त आहे, कमी करा. एकोणतीसचा पाढा बँकवालीला नागपुरातही येत नव्हता, म्हणून तिच्यासाठी सातचा ठरला. "हळू चाला पोरींनो, वर काही पंगत उठून नाही राहिली."

हवेतला ऑक्सिजन वर कमी होतो असं आम्ही धरून चाललो होतो. तुम्ही म्हणालात, टक्केवारी तीच, एकवीसच्या आसपास, दाब कमी होतो. तिसऱ्या मजल्यावरच्या नळासारखं: पाणी तेच, पाइप तोच, प्रेशर नाही. बेस कॅम्पला समुद्रसपाटीच्या जवळपास निम्मा दाब. हे एवढं एका वाक्यात मला कुणीच समजावलं नव्हतं.

काकूंचं स्वतंत्र पत्र व्हायला हवं. तुम्ही "रोज तीन-चार लिटर पाणी प्या" म्हणून मोकळे झालात. बायका प्रवासात पाणी का पीत नाहीत, हे काकूंनी तुम्हाला स्वयंपाकघरात पाठवून आमच्याशी बोलून घेतलं. रात्री उणे तापमानात संडासला कसं जायचं, पाळी तिथंच आली तर काय, उंचीचा त्रास टाळायच्या डायमॉक्स गोळीनं लघवी वाढते आणि बोटांना मुंग्या येतात तेव्हा घाबरायचं नाही, सगळं. (सल्फाची ॲलर्जी आहे का ते फिजिशियनला विचारूनच ती गोळी घेतली, हे औषधवालीच्या आग्रहाखातर इथं नोंदवते.)

आता कागदाबद्दल. निघायच्या आदल्या रविवारी तुम्ही जेवणाच्या टेबलावर चौघींना बसवलंत. एक पान, तुमच्या अक्षरात. रोज संध्याकाळी जोडीदारणीनं विचारायचं: डोकं दुखतं का, जेवलीस का, उलटी, चक्कर. मग टाचेला अंगठा लावत सरळ रेषेत दहा पावलं चालवायचं. मग पाढा. डोकं दुखत असेल तर त्याच उंचीवर थांबायचं, वर जायचं नाही. पाऊल रेषेबाहेर पडलं तर खाली, त्याच क्षणी, रात्र असली तरी. जोडीदारणीनं सोबत जायचं. उरलेल्या दोघींनी खाली यायचं की नाही, ते त्यांच्या तब्येतीवर, भावनेवर नाही. आणि सगळ्यात खाली लिहिलं होतं: "वर गेल्यावर यावर चर्चा करायची नाही. डोकं तिथं नीट चालत नाही, म्हणून इथंच ठरवून सही करा."

आम्ही हसत सह्या केल्या. तुम्ही हसला नाहीत. एका जवानानं डोकेदुखी लपवली होती, एवढंच बोललात आणि उठून गेलात.

प्रवासाचं फार सांगत नाही, फोटो तुम्ही पाहिलेच आहेत. दिल्लीमार्गे काठमांडू, मध्यरात्री जीपनं रामेछाप, तिथून लुकला. ती धावपट्टी जेमतेम ५२७ मीटरची आणि चढाची; मुख्याध्यापिकेनं डोळे मिटून घेतले होते, मी मिटले नाहीत आणि उगाच मिटले नाहीत असं वाटलं. दूधकोसीवरचे झुलते पूल, समोरून याकांचा तांडा आला की डोंगराच्या बाजूला उभं राहायचं. तेंगबोचेच्या वाटेवर लाल गुराँस (ऱ्होडोडेंड्रॉन) फुलला होता. आमच्यापेक्षा दुप्पट ओझं घेऊन चपलांवर चालणारे पोर्टर 'नमस्ते दिदी' म्हणत पुढे जायचे, आणि आम्ही नागपुरातल्या तांदळाच्या पिशवीची फुशारकी गिळून टाकायचो. दिंगबोचेला चौघींचा ऑक्सिमीटर ऐंशीच्या घरात. करोनात ९४ च्या खाली गेलं की धावपळ व्हायची, ते आठवून हात गार पडले. पण तुम्ही बजावून ठेवलं होतं, आकडा नंतर, आधी माणूस पाहा. माणसं चिवडा आणि लिंबाचं लोणचं खात होती. पुढे निघालो.

लोबुचे, ४९४० मीटर. संध्याकाळच्या प्रश्नांना बँकवालीनं सगळी उत्तरं बरोबर दिली. जेवली कमी, पण तिथं सगळेच कमी जेवतात. आमच्यात सगळ्यात तंदुरुस्त तीच, रोज पळणारी. तंदुरुस्तीचा आणि उंची लागण्याचा काही संबंध नाही, हे तुमचं वाक्य त्या रात्रीपर्यंत मला खोटंच वाटत होतं.

पहाटे चारच्या सुमारास ती उठली आणि दाराऐवजी भिंतीकडे गेली. मग ओकली. मी हेडलॅम्प लावला आणि तिला बोळात आणलं. लॉजची जमीन प्लायवूडची होती, दोन फळ्यांमधली फट बोळभर सरळ गेलेली. तिला म्हटलं, या फटीवरून चाल. पहिली दोन पावलं नीट पडली. तिसरं बोटभर डावीकडे. चौथ्याला तिनं भिंत धरली. पुन्हा चालवलं, पुन्हा तेच. पाढा म्हणायला लावला. सात एके सात, सात दुणे चौदा, सात त्रिक एकवीस, सात चोक... आणि ती माझ्याकडे बघत राहिली, मीच काहीतरी विसरले आहे अशी. मग चिडली. मी ठीक आहे, झोप झाली नाही, एक दिवसावर बेस कॅम्प आहे, तुम्ही उगाच बाऊ करता. काका, खरं सांगते, तिचं म्हणणं मला पटायला लागलं होतं. इतके महिने, इतका पैसा, आणि उजाडायला थोडाच वेळ. माझंही डोकं ४९४० मीटरवरच होतं ना.

मी पाकिटातून तुमचा कागद काढला आणि तिच्या सहीवर प्रकाश पाडला. ती बराच वेळ सही पाहत राहिली. मग म्हणाली, "बूट कुठेत माझे?"

एवढ्यासाठीच हे पत्र आहे. कागद नसता तर आम्ही चौघींनी त्या बोळात वाद घातला असता, प्रेमापोटीच. 'थोडं उजाडू दे' इथं तडजोड झाली असती, आणि तेवढ्यात काय झालं असतं ते मला ठाऊक नाही. तुम्ही तो वाद नागपुरात, जेवणाच्या टेबलावर, आमची डोकी ठिकाणावर असताना मिटवून दिला होता.

औषधवालीनं फिजिशियननी लिहून दिलेलं डेक्सामेथासोन, उंचीमुळे मेंदूला येणाऱ्या सुजेवरचं औषध, दिलं. आमच्या गाइडनं एक प्रश्नही न विचारता सहायकाला आमच्यासोबत दिलं आणि आम्ही तिघं निघालो. थुकलाच्या खिंडीत, जिथं डोंगरावर गेलेल्यांची स्मारकं आहेत, तिथं वर येताना आम्ही बराच वेळ थांबलो होतो. खाली जाताना थांबलो नाही. फेरिचेला हिमालयन रेस्क्यू असोसिएशनचं उपचार केंद्र आहे. १९७३ साली सुरू झालेली ही संस्था, ट्रेकच्या हंगामात तिथं स्वयंसेवक डॉक्टर असतात. त्यांनी ऑक्सिजन लावला, तपासलं, आणि दुपारी तिला पुन्हा रेषेवर चालवलं. दहाही पावलं रेषेवर. मला रडू आलं ते तेव्हा. दुसऱ्या दिवशी आणखी खाली उतरलो. नामचेला पोहोचेपर्यंत ती मोमोजवरून दुकानदाराशी भाव करत होती.

बाकी दोघी पोहोचल्या. गिर्यारोहणाचा हंगाम असल्यानं बेस कॅम्पवर पिवळ्या तंबूंची वस्ती होती. मुख्याध्यापिकेचा गोरक्षेपहून फोन आला, "अगं, काका म्हणाले होते तसंच, बेस कॅम्पवरून एव्हरेस्ट दिसतच नाही!" मग पहाटे कालापत्थर चढून त्यांनी शिखर पाहिलं आणि आमच्या दोघींच्या नावानं तिथं संत्रा बर्फी खाल्ली, असं त्या सांगतात. आमच्या वाट्याची बर्फी कुणी खाल्ली याचा तपास अजून सुरू आहे.

लोक मला विचारतात, मग तुझं राहूनच गेलं की. राहिलं, आणि वाईटही वाटतं, का नाही वाटणार? पण बँकवाली काउंटरवर बसून लोकांवर ओरडते आहे, ते ऐकायला मी मुद्दाम पासबुक भरायला जाते. ती पुढच्या वर्षी पुन्हा जायचं म्हणते. तुम्ही म्हणाल, आधी डॉक्टरांना विचारा. विचारलं. एकदा झालेल्याला पुन्हा होण्याचा धोका जास्त, म्हणून यावेळी आणखी सावकाश, जास्त दिवस हाताशी ठेवून आणि औषध आधीपासून, असं ते म्हणाले. हे सगळं घेऊन येत्या रविवारी आम्ही चौघी तुमच्याकडे येतो आहोत. तर्री पोहे आम्ही आणू, तुम्ही चहाला उठू नका.

आणि नवा कागद लिहाल तेव्हा सहीला एक जागा जास्त ठेवा. काकूंनी तुम्हाला अजून सांगितलं नसेल, पण त्या नामचेपर्यंत येणार म्हणतात. सकाळी तुम्ही पेपर वाचत असता तेव्हा त्या गच्चीचा जिना करतात. लिफ्ट नसल्यामुळे चढायचाही आणि उतरायचाही.

तुमची,
हिशेबवाली